अँबॅसेडर मार्क ४ : साठच्या आसपास घुमतं आणि थरथरतं, नेमकं कुठून?

माहुली_काठ
नमस्कार मंडळी. गाडी अँबॅसेडर मार्क ४, १९८५ची, पेट्रोल, १४८९ सीसी, चार गिअर, स्टिअरिंगवरचा दांडा. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे आणि सातारा-कोरेगाव-वाई अशी नियमित चालते. शोपीस करून ठेवलेली नाही.

त्रास असा. ताशी ५५ किमीला घुमायला लागतं, ६० ते ६५मध्ये सगळ्यात जास्त, ७०च्या पुढे थोडं कमी होतं. आवाज पायाखालून येतो, खोल ‘हूंऽऽ’, कानाला दडा बसतो. गिअरचा दांडा थरथरतो, आतल्या आरशात मागचं काही स्पष्ट दिसत नाही. स्टिअरिंग मात्र एकदम शांत.

आधी काय होतं तेही सांगतो. उन्हाळ्यात गाडी उचलताना मागे ‘टक्’ असा ठोका बसायचा. गॅरेजमध्ये दाखवलं तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या फिरत्या दांड्याचा, मागचा क्रॉस (त्याच्या टोकाच्या वाकत्या जोडातला फुलीसारखा तुकडा) ढिला निघाला. दोन्ही क्रॉस बदलले, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश नवे टाकले. ठोका गेला आणि हे घुमणं सुरू झालं. चारही चाकं बॅलन्स करून घेतली, पुढची मागे टाकून पाहिली, काहीच फरक नाही. आता गॅरेजवाले म्हणतात मागच्या ॲक्सलवरचं डिफरन्शियल गेलं, त्यातल्या क्राऊन-पिनियनचा (मोठ्या-छोट्या दातेरी चाकांचा) सेट टाका. त्यांनी सेट मागवायची तयारीही केली आहे.

दुसरा एक आवाज आहे, तो जुनाच, वाढलेला नाही. ५० ते ६०मध्ये ॲक्सिलरेटर सोडला की मागून बारीक ‘कूंऽऽ’ ऐकू येतं. खंबाटकी उतरून सुरूरकडे येताना सतत येतं. हे दोन आवाज एकाच दुखण्याचे आहेत का? डिफरन्शियल उघडायचं का?

जुने_ऑइल
उघडायचं नाही. आधी ऐका.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, निवृत्त झालो. क्राऊन-पिनियन गेला की तो गातो, घुमत नाही. त्याचा आवाज एका सुराचा असतो आणि पायाच्या दाबाबरोबर बदलतो. ओढताना येतो, सोडल्यावर जातो, किंवा उलट. तुमचा दुसरा आवाज त्या जातीचा आहे. पहिला नाही. दोन्ही वेगळे धरून चला.

पुढच्या खेपेला गाडी काढाल तेव्हा एवढं बघून या. ६०ला ॲक्सिलरेटर दाबून, सोडून आणि एकसारखा धरून, तिन्ही वेळा घुमणं किती राहतं? लांब वळणावर गाडी डावीकडे वळताना आणि उजवीकडे वळताना फरक पडतो का? वळणावर वजन बाहेरच्या चाकावर जातं, म्हणून डाव्या वळणाला वाढलं तर उजवं बेअरिंग बघायचं. नुसतं वळतानाच खरखर आली आणि सरळ जाताना काही नाही, तर डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर.

गिअरबॉक्सचं वेगळं. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच सोडलेला. आवाज येतो आणि क्लच दाबला की जातो, तर गिअरबॉक्सच्या आतलं पुढचं बेअरिंग किंवा खालचा ले-शाफ्ट. क्लच दाबल्यावर येतो, तर रिलीज बेअरिंग. पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्यात रडतं आणि टॉपमध्ये गप्प होतं, तर तेही ले-शाफ्टचंच, कारण टॉपमध्ये ताकद सरळ आरपार जाते, ले-शाफ्टवर भार येत नाही. पहिल्या गिअरचं थोडं रडणं मात्र या गाड्यांत जन्मापासून आहे, त्याच्या मागे लागू नका.

कोल्हापूर_जीप
माझी महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. क्रॉस बदलल्यावर त्रास सुरू झाला म्हणताय, तर संशय तिथेच घ्यायला हवा. नवा क्रॉस टाकला म्हणजे जॉइंट चांगला बसला असं नसतं. क्रॉसच्या टोकांवरचे बेअरिंगचे कप ठोकून बसवताना आतली एखादी सुई आडवी पडते, कप पूर्ण आत जात नाही, मग लॉक खाचेत अर्धवट बसतो. क्रॉस मधोमध राहत नाही, शाफ्ट किंचित एका बाजूला फिरतो आणि थरथर सुरू. मी पाट्यांत एक पान वाढवून जीप उंच केली होती तेव्हा असंच घुमत होतं. तिथे कारण शाफ्टचा कोन होता, कारण मागचा शाफ्ट आखूड आणि कोन तीव्र.

जीपवाल्यांसाठी जाता जाता : पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब असतील तर ते मोकळे करून एक चक्कर मारा. पुढचा शाफ्ट फिरायचाच थांबतो. आवाज गेला तर पुढचा, राहिला तर मागचा.

थरथरमापक
मी पिंपरीला कंपन-चाचणीचं काम करते. इथे दोन-तीन आकडे मिळाले तर अर्धे संशयित घरबसल्या बाद होतील.

गाडीत फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूचा फिरण्याचा वेग वेगळा असतो. थरथर सेकंदाला किती वेळा होते हे कळलं की ती कोणाची हे कळतं. त्यासाठी दोन मोजमापं घ्या.

एक, चाकाचा एका फेऱ्याचा पल्ला. हवा नेहमीची, आत एक माणूस बसलेला. मागच्या टायरवर आणि खाली जमिनीवर खडूची खूण करा, गाडी ढकलून एक पूर्ण फेरा होऊ द्या, अंतर मोजा.

दोन, डिफरन्शियलचं प्रमाण. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, गाडी न्यूट्रलमध्ये. उचललेलं चाक २० वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एकच चाक फिरत असल्यामुळे शाफ्टचे फेरे निम्मेच होतात, म्हणून आलेल्या आकड्याला १०ने भागा. २० फेरे अशासाठी की एका-दोन फेऱ्यांत पाव फेऱ्याची चूक सहज होते. फक्त जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका, खाली घोडी लावा.

आणि एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या, कारण या गाडीत सगळ्यांची फसगत इथेच होते. अँबॅसेडरचा चौथा गिअर थेट आहे. टॉपमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट अगदी एकाच वेगाने फिरतात. इंजिनाचा तोल बिघडला तरी आणि शाफ्टचा बिघडला तरी थरथर तेवढीच, त्याच आकड्याची. त्यात चार सिलिंडरच्या इंजिनाचा स्वाभाविक धक्का एका फेऱ्यात दोनदा असतो आणि युनिव्हर्सल जॉइंटचाही (क्रॉस बसतो तो शाफ्टच्या टोकाचा जोड) एका फेऱ्यात दोनदा. म्हणजे तिथेही दोघं एकमेकांच्या आड लपतात. टॉपमध्ये कितीही चकरा मारल्या तरी यांची फारकत होत नाही. तोच वेग ठेवून गिअर बदलायला हवा.

वऱ्हाडी_चालक
माझ्या अँबॅसेडर १८०० आयएसझेडला पाच गिअर आहेत. तिथेही हेच का?

थरथरमापक
तिथे पाचवा ओव्हरड्राइव्ह आहे, म्हणजे शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरतो. पाचव्यात दोघं आपोआप वेगळे दिसतात. चौथ्यात मात्र तुमचीही गाडी थेटच.

माहुली_काठ
मोजलं. चाकाचा पल्ला २.०४ मीटर. टायर ५.९०-१५. चाकाच्या २० फेऱ्यांना शाफ्टचे साडेपंचेचाळीस.

जुने_ऑइल यांना : घुमणं ओढताना जास्त, सोडल्यावर कमी, पण जात नाही. वळणाने काही फरक नाही. उभ्या गाडीत क्लच दाबून-सोडून काहीही आवाज नाही.

फोनवर कंपन मोजायचं ॲप घेतलं, फोन दोन सीटच्या मधे फरशीला चिकटपट्टीने बसवला. ६०ला त्याच्या आलेखात सेकंदाला ८च्या जवळ एक छोटा उंचवटा आहे. मोठा उंचवटा २६वर. विचित्र म्हणजे वेग ५५ केला तर तो ३२वर जातो आणि ६५ केला तर १९वर येतो. वेग वाढवला की आकडा उतरतो. हे कसं काय?

मेलबर्नकर
माझ्याकडे एमजीबी आहे, तिचंही इंजिन अँबॅसेडरसारखं बी-सिरीजच, म्हणून हा धागा वाचतोय. २६ म्हणजे मला तरी एक्झॉस्टचा पाइप किंवा त्याचं रबर वाटतं. पाइप कुठेतरी बॉडीला टेकत असेल तर एका ठराविक वेगाला तो घुमतो. माझ्याकडे तसंच निघालं होतं. सायलेन्सर हाताने हलवून बघा.

थरथरमापक
एक्झॉस्ट जरूर बघा, पण २६ हा आकडा त्याचा नाही. पाइपचा स्वतःचा आकडा ठरलेला असतो. गाडीचा वेग बदलला तरी तो जागा सोडत नाही, फक्त कमी-जास्त होतो. इथे आकडा सरकतोय, आणि उलट सरकतोय. फिरणारी कुठलीही वस्तू गाडी जोरात गेल्यावर हळू फिरत नाही.

आधी हिशेब. ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. भागिले २.०४, चाक सेकंदाला ८.२ फेरे. तुमचा छोटा उंचवटा हाच, तो चाकाचा, आणि छोटाच आहे. डिफरन्शियलचं प्रमाण ४.५५. शाफ्ट सेकंदाला ३७ फेरे, म्हणजे मिनिटाला सुमारे २२३०. जॉइंटचा आकडा त्याच्या दुप्पट, ७४.

आता २६. तुमचा फोन सेकंदाला १०० नोंदी घेत असणार, ॲपच्या सेटिंगमध्ये दिसेल. १०० नोंदी घेणाऱ्याला ५०च्या वरचं खरं दिसत नाही, ते घडी पडून खाली दिसतं. १०० वजा ७४ बरोबर २६. सिनेमात धावत्या टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसाच हा प्रकार. पडताळा घ्या : ५५ला जॉइंटचा आकडा ६८, शंभरातून गेला तर ३२. ६५ला ८०.६, शंभरातून गेला तर १९. तुमचे तिन्ही आकडे बसले. वेग वाढला की हा खोटा आकडा उतरतो कारण खरा चढत असतो.

जास्त नोंदी घेणारा फोन मिळाला तर तो वापरा. मग ६०ला तीन गोष्टी करा : टॉपमध्ये, तिसऱ्यात, आणि रिकाम्या सरळ सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रलमध्ये. किल्ली बंद करायची नाही, घाटात किंवा रहदारीत न्यूट्रलचा प्रयोग अजिबात करायचा नाही. शेजारी आकडे टिपायला दुसरा माणूस हवा.

माहुली_काठ
भाचा आला होता, त्याच्या फोनवर ४०० नोंदी घेता येतात. रविवारी सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना केलं.

टॉप, ६० : उंचवटा ७४वर, चांगलाच मोठा.
तिसरा, ६० : ७४ जागेवर, उंची जवळपास तेवढीच. शिवाय ११२च्या आसपास एक नवा, लहान.
न्यूट्रल, ६० : ७४ निम्म्याहून कमी, पण आहे.
३७ला तिन्ही वेळा जेमतेम.

एक्झॉस्टही बघितला, कुठे टेकत नाही, रबरं धड आहेत.

थरथरमापक
मग झालं. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन शाफ्टच्या दीडपट फिरतं, ५६ फेरे, दुप्पट ११२. तो नवा लहान उंचवटा इंजिनाचा, आणि तो लहान आहे. ७४ने जागा सोडली नाही, म्हणजे तो रस्त्याच्या वेगाशी बांधलेला आहे. इंजिन, क्लच, प्रेशर प्लेट सगळं यातून सुटलं. ३७ जेमतेम आहे, म्हणजे शाफ्टचा तोलही वाईट नाही, आणि कोल्हापूर_जीप म्हणतात तसा क्रॉस मधोमध नसता तर ३७च मोठा दिसला असता. डिफरन्शियलच्या दातांचा आकडा शेकड्यात असतो, त्याचा ७४शी संबंध नाही. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा धक्का देणारी एकच जागा उरते : युनिव्हर्सल जॉइंट. एकतर कोन, नाहीतर दोन टोकांचा मेळ. इथून पुढे शाफ्टचं काम करणाऱ्यांनी सांगावं.

लेथ_आणि_शाफ्ट
सांगलीला माझं शाफ्टचंच काम आहे. वाचत होतो, आकडे येऊ दिले.

जॉइंट तिरका चालला की तो एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू. तीन अंशांत हा फरक हजारात दीडही नाही, पण दहा अंशांत शंभरात दीड होतो, कोन वाढला की झपाट्याने वाढतो. मागचा जॉइंट असतो तो हा फरक पुसायला. पुढचा जोर करतो तेव्हा मागचा मागे ओढतो आणि पिनियनला सरळ चाल मिळते. पण त्याला दोन अटी. पुढचा कोन आणि मागचा कोन सारखा हवा, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे काटे (क्रॉस ज्यांत बसतो ते दुबेळके) एका रेषेत हवेत.

काटे चुकतात ते स्प्लाइनवर, म्हणजे खाचांच्या जोडावर. शाफ्टच्या पुढच्या अंगाला सरकता जोड असतो, क्रॉस बदलताना तो बाहेर काढला जातो. परत घालताना एक दात इकडे-तिकडे झाला तरी तो निमूट आत जातो, काही अडत नाही. १६ खाचांचा असेल तर एक दात म्हणजे साडेबावीस अंश. मग मागचा जॉइंट पुढच्याची चूक पूर्ण पुसत नाही, थोडी स्वतःची घालतो. याच्यासाठी दोन्ही तुकड्यांवर कारखान्यातून बाण किंवा ठोक्याची खूण असते. वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि धूळ बसून ती दिसत नाही, आणि घाईत कोणी पुसून बघत नाही.

तपासायला शाफ्ट काढायची गरज नाही. पुढच्या काट्याचे दोन कप बरोबर एकावर एक, उभे येईपर्यंत शाफ्ट हाताने फिरवा. कपाच्या तोंडाला चुंबकाचा कोनमापक किंवा फोन टेकवून वाचा. शाफ्ट न हलवता मागच्या काट्याचं वाचा. दोन-तीन अंशांच्या वर फरक आला तर जोड चुकलेला आहे.

मग कोन मोजा. गाडी चारही चाकांवर, आपल्या वजनाने उभी हवी. मागचा ॲक्सल लोंबकळत ठेवून घेतलेलं माप काही कामाचं नाही. गिअरबॉक्सच्या फ्लँजचा उतार, शाफ्टचा उतार, पिनियनच्या फ्लँजचा उतार असे तीन आकडे. शेजारच्या दोघांतला फरक म्हणजे त्या जॉइंटचा कोन. एक ते तीन अंश उत्तम, दोन टोकांत एक अंशाहून जास्त तफावत नको. अगदी शून्यही नको, सुया एकाच जागी राहून क्रॉसवर रेघा पाडतात. जुना क्रॉस असेल तर त्याच्या दांड्यांवर नख फिरवून बघा, त्या रेघा लागतील.

पाट्यांचे बुश बदलले म्हणताय, त्याने पिनियनचं तोंड थोडं फिरू शकतं. गिअरबॉक्सखालचं फाउंडेशन, म्हणजे त्याला पेलणारं रबर, बघा. या गाड्यांत तिथे ऑइल गळत असतं, रबर ऑइल पिऊन फुगतं आणि मग बसतं. गिअरबॉक्सची शेपूट खाली आली की पुढचा कोन बदलला.

माहुली_काठ
काका, तुमचं सगळं तंतोतंत लागू पडलं.

पुढचा काटा उभा केला, मागचा २२ अंशांच्या आसपास कललेला. चार बोल्ट सोडण्याआधी फ्लँजवर रंगाची खूण केली, शाफ्ट उतरवला, जोड रॉकेलने धुतला. नळीच्या बाजूला बाण स्वच्छ दिसला. नळीवर सरकणाऱ्या बाहीवरचा सापडेना, तारेच्या ब्रशने घासल्यावर ग्रीस निपलच्या बाजूला पुसट टोक दिसलं. दोघं बरोबर एका दाताने चुकलेले. जोडावर एकच टप्पा मागेपुढे, एवढंच.

क्रॉसही बघितले. लॉक आठही कपांत पूर्ण बसलेत, काटा आपल्या वजनाने हळू खाली येतो, कुठे अडत नाही.

कोन : पुढे अडीच, मागे चार. फाउंडेशन खरंच चिकट होऊन बसलेलं होतं, बोटाने दाबलं तर खड्डा राहत होता. नवं टाकल्यावर पुढे साडेतीन आणि मागे जेमतेम साडेचार. म्हणजे तफावत एक अंशाच्या आत आली, पण दोन्ही कोन तुमच्या तीनच्या वर आहेत. पाचर टाकायची का?

लेथ_आणि_शाफ्ट
नको. तीनच्या आत हे उत्तम, पण या वेगाला साडेचारने काही बिघडत नाही, दोघं एकमेकांना पुसतायत हे महत्त्वाचं. पाट्याखाली पाचर टाकली की पिनियन फिरेल, मागचा कमी होईल आणि पुढचा तसाच राहील, परत तफावत. नवं रबर थोडं दबेल, महिन्याभराने पुन्हा मोजा. स्प्लाइनला ग्रीस दिलंत का? कोरडा राहिला तर पाट्यांच्या हालचालीबरोबर सरकत नाही, गाडी उचलताना अडकून सुटतो आणि ठोका देतो. तुमचा पूर्वीचा ठोका थोडा त्याचाही असू शकतो.

माहुली_काठ
ग्रीस दिलं, निपलमधून जुनं काळं बाहेर येईपर्यंत.

चालवून आलो, कोरेगावपर्यंत आणि परत. घुमणं गेलं. ६०ला आतल्या आरशात मागच्या ट्रकचा नंबर वाचता येतो. फोनवर ७४ला आता शोधावं लागतं. आई मागे बसली होती, तिने विचारलं, इंजिन बदललंस का.

एक राहिलं. ७५च्या वर सीटला अगदी बारीक थरथर आहे, फोनवर ४६-४७ला. हिशेब केला, तो शाफ्टच्या एकपटीचा.

लेथ_आणि_शाफ्ट
तो तोल. आधी शाफ्ट नीट पुसून बघा. गाडीखाली गंज-विरोधी काळा थर मारून घेतला असेल तर तो शाफ्टवरही बसतो, एका बाजूला जाड. डांबराचे गोळेही बसतात. नळीवर छोटी वेल्ड केलेली पट्टी असते ती तोलाची, ती पडल्याची गोल खूण दिसते का बघा. नाहीतर मागची फ्लँज सोडून अर्धा फेरा फिरवून लावा. अर्ध्या फेऱ्याने काट्यांचा मेळ बिघडत नाही, पाव फेऱ्याने मात्र बिघडेल. याने भागलं नाही तर शाफ्ट घेऊन या, मशीनवर लावू. नळी वाकलेली असली तर मध्यावर डायल लावून कळतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवी.

माहुली_काठ
थर होता. बोटाएवढ्या जाडीचा पट्टा, मागच्या टोकाजवळ. खरवडून काढला, ८०पर्यंत शांत आहे. याहून जोरात मी नेत नाही.

आता तो ‘कूंऽऽ’. आई हार्मोनियम शिकवते. तिने ६०ला ऐकून सांगितलं, पांढरी तीन, थोडी चढी. घरी येऊन पेटीवर वाजवूनही दाखवली. याचा काही उपयोग आहे का?

थरथरमापक
फार मोठा उपयोग आहे. ४.५५ हे प्रमाण ४१ भागिले ९ने येतं, म्हणजे पिनियनला ९ दात आणि क्राऊनला ४१. शाफ्ट सेकंदाला ३७.२ फेरे, गुणिले ९ दात, ३३५ हर्ट्झ. मधल्या सप्तकातली पांढरी तीन ३३०ची. ‘थोडी चढी’ हेसुद्धा बरोबर. आईंना माझा नमस्कार सांगा. आवाज क्राऊन-पिनियनच्या दातांचाच आहे, आता संशय नको.

जुने_ऑइल
दातांचा आहे म्हणून दात गेले असं नव्हे.

सोडल्यावरच येतो, ओढताना येत नाही. ओढताना दाताची एक बाजू काम करते, सोडल्यावर दुसरी. ओढायची बाजू गप्प आहे, म्हणजे रोजचा भार पेलणारी बाजू चांगली आहे. वर्षानुवर्षे तसाच आहे, वाढलेला नाही, हे तुम्हीच म्हणताय. आता तीन गोष्टी बघा. पिनियनची फ्लँज धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. हलली तर पिनियनची बेअरिंगं, आणि मग उघडावंच लागेल. फिरवताना थोडी सूट जाणवेल, ती दातांमधली, ती हवीच. दुसरं, पिनियनच्या सीलमधून गळतंय का. तिसरं, ऑइल गरम असताना खालचा बोल्ट काढून पांढऱ्या फडक्यातून गाळा. करडा लगदा आला तर तो सगळ्यांच्याच निघतो. चकाकणारे पापुद्रे किंवा कण बोटाला टोचले तर थांबा.

कोणी म्हणेल पिनियनचा नट एक आटा कसा, आवाज थांबेल. अजिबात करू द्यायचं नाही. नट कसल्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो, दातांची बैठक सुधारत नाही. आठवड्याभरात बेअरिंग तापून जाईल.

आणि सेट बदलायचा झालाच तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच, दोघांवर एकच जोडी-नंबर कोरलेला असतो. बॅन्जो हाउसिंग आहे, ॲक्सल ओढले की डिफरन्शियल अख्खं पुढून बाहेर येतं. पण बसवताना शिम (पातळ चकत्या) लावून दातांना शेंदूर-तेल लावायचं, फिरवायचं आणि ठसा दाताच्या मध्यावर येतो का ते बघायचं, कमी-जास्त करून पुन्हा बघायचं. हे काम आता फार थोडे जण धीराने करतात. अँबॅसेडरच्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यातलं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, कारखान्यात एकमेकांत घासून बसलेली जोडी आता मिळणं अवघड. वाईट बसवलेल्या नव्या सेटपेक्षा तुमचा जुना शंभर पटीने चांगला.

कोल्हापूर_जीप
ऑइलबद्दल एक. या डिफरन्शियलला हायपॉइड दात आहेत, ते एकमेकांवर घसरत चालतात, म्हणून तिथे जास्त दाब पेलणारं ईपी ९०च हवं. तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये डोळे झाकून ओतू नका. आत पितळी सिंक्रो रिंगा आहेत, काही ईपी ऑइलांतली गंधकाची रसायनं पितळ खातात. गिअरबॉक्सला गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच.

माहुली_काठ
फ्लँज वर-खाली, पुढे-मागे कुठेच हलत नाही. सील कोरडं. ऑइल गाळलं, काळं आणि पातळ झालेलं होतं, फडक्यावर नुसता करडा लगदा, बोटांत चोळला तर मऊ. नवं ईपी ९० भरलं. पांढरी तीन अजून ऐकू येते, आईच्या मते आवाज थोडा खाली बसलाय.

क्राऊन-पिनियनची मागणी रद्द करायला सांगितली. गॅरेजच्या मिस्त्रींना गाडीत बसवून चक्कर मारून आणली, ग्रीस निपलच्या बाजूचा बाण दाखवला. त्यांनी स्वतः वाकून बघितला आणि त्यांच्याकडे आलेल्या दुसऱ्या अँबॅसेडरचा शाफ्ट त्याच दिवशी पुसून तपासला. फाउंडेशनचं रबर दबल्यावर महिन्याभराने पुन्हा कोन मोजेन आणि आकडे इथेच टाकेन.